आमच्या घराण्यातला पहिला परमनंट

माझ्या बापाने जन्मभर एका शब्दाची वाट पाहिली. परमनंट. तो परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे ज्याला स्वतःची जागा नाही असा माणूस. पाळीच्या वेळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, आज कोण आजारी पडलाय, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण मेलाय ते बघायचं, आणि जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, बोट दाखवलं की त्या माणसाच्या जागी आत शिरायचं. दुसऱ्याच्या दुखण्यावर आमच्या घरची चूल पेटायची. आम्ही बौद्ध, आमच्यात नवस नसतात. नाहीतर बाप परमनंट व्हावा म्हणून आईने नक्की कुठेतरी नारळ कबूल केला असता.

मग संप आला. बाप म्हणाला, "मी कसला संपावर जातोय? आधी मला कामावर तर घ्या." आणि तरी गेला. तो संप मागे घेतल्याचं आजवर कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे रीतसर बघायला गेलं तर माझा मेलेला बाप अजून संपावरच आहे.

आमच्या घराण्यात परमनंट झालो तो मी. खूप वर्षांनी, बापाच्या गिरणीच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर, एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत. पेढे वाटावेत असा प्रसंग होता, पण वाटले नाहीत. तीच हकिगत सांगायची आहे.

संपाच्या काळात परळ-लालबागमध्ये दोन गोष्टी मुबलक होत्या, रिकामे पुरुष आणि हॉस्पिटलं. कोणाच्या तरी डोक्यात आलं की या दोघांची गाठ घालून द्यावी. चाळीच्या पटांगणात रक्तदान शिबिर लागलं. मी तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला, कॉलेज अर्धवट टाकलेला. रक्त तपासल्यावर तिथला डॉक्टर एकदम उठून उभा राहिला. ओ निगेटिव्ह. हे रक्त कोणालाही चालतं, पण ओ निगेटिव्हवाल्याला मात्र दुसरं कुठलंच चालत नाही. बापाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपण सगळ्यांना द्यायचं आणि आपल्याला कोणी द्यायचं नाही. नवीन काय सांगितलंस?"

बापाला हे बोलायचा हक्क होता. त्याचा बाप, म्हणजे माझा आजा, त्याच गिरणीत होता. त्याला विणायच्या खात्यात, जिथे पगार बरा असे, तिथे कधी पाऊल टाकू दिलं नाही. कारण काय, तर कांडी बदलली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून काढावं लागे. आज्याचा ओठ लागलेल्या धोट्याला मग बाकीच्यांनी ओठ कसा लावायचा? त्यांची जात धाग्याला लटकलेली. त्यांनी विणलेला कपडा सगळं जग नेसायचं, पण थुंकी कोणाची हे मात्र बघून घ्यायचे. तेव्हा कोणाच्या अंगातलं काय कोणाला चालतं, या विषयात आमचं घराणं जुनं जाणकार आहे.

मी नेमाने रक्त देऊ लागलो. त्या निमित्ताने कुठेतरी माझी गरज लागत होती, आणि संपात कोणाची कुठेच गरज लागत नव्हती. हॉस्पिटलातून निरोप येई, मी चालत जाई. असाच एकदा गेलो तेव्हा तो भेटला.

एका बाईला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, आणि आम्हा दोघांना दोन दिशांनी बोलावलं होतं. तोही ओ निगेटिव्ह, कोळीवाड्यातला. आईला मासळीच्या धंद्यात मदत करायचा, आणि थेट भाऊच्या धक्क्यावरून गमबूट घालून आला होता. नर्सने नाकाला पदर लावला. शेजारशेजारच्या खाटांवर आम्ही आडवे झालो. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बघू, कोणाची बाटली आधी भरते." त्याची भरली. नंतर चहाबरोबर बिस्किटं मिळाली ती त्याने स्वतःची खाल्ली आणि माझीही खाल्ली, जिंकला म्हणून.

बाई वाचली. तिची सासू पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आली. आधी त्याला पेढा दिला, मग माझ्याकडे वळली आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिचा हात क्षणभर अडला, मग तिने पेढा माझ्या तळहातावर वरून टाकला. माझं रक्त तिच्या सुनेच्या अंगात जाऊन फिरायला लागलं होतं, पण बोटाला बोट लागू नये एवढी काळजी म्हातारीने घेतली. मी पेढा खाल्ला. तो मात्र स्वतःचा पेढा पुड्यात परत ठेवून म्हणाला, "आजी, मला गोड चालत नाय." हे धादांत खोटं होतं. पुढे आयुष्यभर मी त्याच्यापासून गूळ लपवून ठेवत आलो.

त्या पेढ्यानंतर माझं काही खरं नव्हतं. प्रेमात पडलो, सरळ सांगतो.

घोडपदेवला एका चाळीत आम्ही खोली घेतली. मला तोवर रे रोडला लाकडाच्या वखारीत मापं घ्यायचं काम लागलं होतं, त्याला धक्का जवळ. दोन पुरुष एका खोलीत कसे राहतात, असं आम्हाला एकाही शेजाऱ्याने विचारलं नाही. विचारणार कसे? अख्खं गिरणगाव तसंच वसलेलं. एका गावचे पंधरा-वीस पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, बायका गावी. उलट आम्ही दोघंच म्हटल्यावर शेजारीण हळहळली, "बिचारे, अजून माणसं मिळाली नाहीत वाटतं." लोक आम्हाला रूम पार्टनर म्हणत. माझ्या बहिणीची मुलं त्याला काका म्हणत. त्याची आई मला खापरी पापलेट धाडायची आणि दरवर्षी विचारायची, "लग्नाचं काय मग?" आम्ही दोघंही मान खाली घालून काटे काढत बसायचो.

रक्तपेढीत आमचं नाव जोडी पडलं. "जोडीला बोलवा," असं म्हणत. सरकारदरबारी, समाजात, नात्यागोत्यात कोणी आम्हाला जोडी म्हटलं नाही, तिथल्या लोकांनी म्हटलं, तेही नकळत. मधल्या काळात एड्स हा नवा रोग आला, भिंतीभिंतीवर पाट्या लागल्या, आमच्या ओळखीतली काही माणसं गेली. आम्ही दोघांनी जाऊन तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. निघणार कुठून? आम्ही दोघं सोडून तिसरा कोणी नव्हताच. संध्याकाळी आम्ही करायचो काय, तर जिताडं महाग झालं म्हणून बोंब मारायचो.

गिरण्या पडल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि रक्तदान शिबिरं सणासारखी साजरी व्हायला लागली. कोणत्या मंडळाच्या किती बाटल्या, यावर चढाओढ. लालबागच्या आमच्या ओळखीच्या मंडळाचा अध्यक्ष या कामात सगळ्यात पुढे. हात जोडलेला त्याचा फोटो नाक्यावर बारा महिने. त्याचाही गट ओ निगेटिव्ह, त्यामुळे आमची जुनी ओळख आहे असं तो लोकांना सांगे. ओळख जुनी होती हे खरं, पण ती रक्तामुळे झालेली नव्हती. तरुणपणी, आमची जोडी जमायच्या आधी, दादरच्या चौपाटीवर ज्या बाजूला कुटुंबं बसत नाहीत, त्या बाजूला झालेली होती. त्याचं पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, मंडळ मिळालं. चौपाटी काही सुटली नव्हती. त्याच्या संसाराबद्दल मला काही म्हणायचं नाही. तोंड उघडून दुसऱ्यांना संस्कृती शिकवायचा, त्याचा मात्र मला तिटकारा होता.

त्याच्या शिबिरात एका वर्षी तो प्रश्न पहिल्यांदा आमच्या कानावर पडला. एरवी कागद पुढे सरकवत आणि आम्ही न वाचता सही करत असू. त्या वर्षी रक्तपेढीने एक नवी मुलगी पाठवली होती. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून ती बिचारी एकेक प्रश्न मोठ्याने मराठीत वाचून विचारू लागली. रांगेत सगळ्यात पुढे एक जुना संपकरी.

"काका, तुमचे पुरुषांशी संबंध आहेत का?"

"आहेत ना," संपकरी म्हणाला. "सगळ्यांशी चांगले संबंध आहेत. विचारा कोणालाही."

तिने चमकून वर पाहिलं आणि कागदावर खूण केली. पुढचा आला. तो म्हणाला, "आमच्या माळ्यावरच्या सगळ्या पुरुषांशी आहेत. फक्त कोपऱ्यातल्या खोलीतल्याशी नाहीत. त्याने नळावरून भांडण काढलं." तिसरा छाती काढून म्हणाला, "पूर्वीपासून आहेत, बाई. संपात तर रोजचं होतं." मुलगी घामाघूम. अख्खं लालबाग तिच्यासमोर रांगेत उभं राहून कबुली देत होतं. माझ्या माणसाची पाळी आली तेव्हा त्याने माझ्याकडे अंगठा दाखवला आणि म्हणाला, "आहेत. ह्याच्याशी. पण काल भांडलो, म्हणून आज जरा कमी."

मंडप हसून हसून लोटपोट झाला. मुलगीही हसली. एवढ्या वर्षांत आमच्याबद्दल कोणी चारचौघांत खरं बोललं ते एवढंच, आणि ते उत्तम विनोद म्हणून खपलं. हसला नाही तो एकटा अध्यक्ष. हो म्हणणाऱ्यांच्या बाटल्या हातच्या जातायत हे त्याच्या ध्यानात आलं. तो रांगेतून एकेकाच्या कानाला लागत गेला, "नाही म्हणायचं रे. काही विचारलं तरी नाही." मंडळाची शिस्त मोठी. त्यापुढे सगळ्यांनी सगळ्याला नाही म्हटलं. "जेवून आलात ना?" यालाही नाही म्हटलं, त्यातलं दोघांचं खरं निघालं, आणि ते रक्त देताना चक्कर येऊन पडले. बाटल्यांचा आकडा मात्र शेजारच्या मंडळापेक्षा वर गेला, आणि अध्यक्षाचा सत्कार झाला.

आम्ही त्यावर कित्येक महिने हसत होतो. मग माझ्या माणसाचं पोट दुखायला लागलं.

आतड्यात गाठ निघाली. ती आतल्या आत रक्त सोडत होती, आणि तो दिसायला पांढराफटक पडला होता. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी ऑपरेशनला घेऊ. मी त्याला परळला दाखल करायला घेऊन गेलो, ज्या भागात आम्ही दोघांनी बाटल्यांवर बाटल्या ओतल्या होत्या त्याच भागात. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटशी संबंध?"

"मित्र."

"मित्र नको. नातेवाईक बोला. ऑपरेशनच्या कागदावर सही लागेल."

"मीच राहतो त्याच्याबरोबर. पहिल्यापासून."

"राहत असाल हो. नातं काय?"

नातं काय ते मला माहीत होतं. त्याला सांगता येईल असा शब्द माझ्याकडे नव्हता, आणि त्याच्या खिडकीत तर अजिबात नव्हता. मी कोळीवाड्यात फोन केला. त्याचा पुतण्या आला. पोरगा वाईट नव्हता, पण काकाकडे शेवटचा कधी आला होता ते त्यालाही आठवलं नसतं. नातं विचारलं, त्याने पुतण्या सांगितलं, आणि खिडकी उघडली. मग आतला माणूस जे विचारी ते पुतण्या मला विचारी. काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत? काका, पूर्वी कसलं ऑपरेशन झालंय? काका, वजन? उत्तरं माझी, सही त्याची. वर वॉर्डात खाटेजवळ एकच स्टूल होतं, नातेवाइकासाठी. पुतण्या त्यावर बसला आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात नर्स म्हणाली, "ओ निगेटिव्ह शिल्लक नाही. रक्त आल्याशिवाय उद्या घेता येणार नाही. बदली डोनर कोण आहे?"

बदली! इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून मला खरंच हसू आलं. "मी आहे," म्हटलं. "आमच्या घराण्यात तेच काम असतं." तिला काही कळलं नाही. मी खाली रक्तपेढीत गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. चांगल्या घरची, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलणारी, अदबीची. वजन, रक्तदाब, कावीळ, मलेरिया, सगळं झालं. मग तिने आवाज थोडा खाली आणला. "काका, रागावू नका, सगळ्यांनाच विचारावं लागतं. पुरुषांशी संबंध?"

नाही म्हणायचं असतं, हे मला माहीत होतं. एका शिबिरात दोनशे माणसांना ते शिकवताना मी बघितलं होतं. पण तासा-दोन तासांपूर्वी वरच्या खिडकीत मला सांगितलं होतं की पेशंटशी तुमचा काही संबंध नाही. आता खाली मला स्वतःच्या तोंडाने तेच म्हणायला लावत होते. वर संबंध नाही म्हणून आत घेत नाहीत, आणि खाली संबंध आहे म्हणून सुई लावत नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पुरुषांशी नाही," मी म्हटलं. "एका पुरुषाशी. तो वर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्यासाठीच आलोय."

तिने पेन खाली ठेवलं. मला वाटतं, तिला वाईट वाटलं. "सॉरी, काका. नियम आहे. मला तुम्हाला परमनंट डिफर करावं लागेल."

"काय करावं लागेल?"

"म्हणजे कायमचं बाद. यापुढे कधीच रक्त देता येणार नाही. परमनंट."

झालो मी परमनंट. बापाने चाळीस वर्षं गेटवर उभं राहून जे मिळवलं नाही ते मला बसल्या बसल्या, एका वाक्यात मिळालं. आणि तिथल्या तिथे बदली म्हणूनही मी निकामी ठरलो.

मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, तपासणी करताच ना तुम्ही प्रत्येक पिशवीची? ती म्हणाली, करतो, पण लागण नवी असेल तर सुरुवातीला तपासणीतही दिसत नाही, आणि ज्या लहान मुलांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं त्यांचा विचार करावा लागतो. हे काही खोटं नव्हतं. त्या मुलांच्या आयांना मी त्याच बाकावर बसलेलं बघत आलोय. मी म्हटलं, "मग विचारा ना मला, गेल्या काही महिन्यांत काय केलंस, किती जणांबरोबर केलंस, काळजी घेतलीस का. ते कुठे विचारलंत? तुम्ही मी कोण ते विचारलंत आणि उठलात." ती म्हणाली, "मी नियम केलेला नाही, काका." आमच्या आज्याला विणायच्या खात्याच्या दारातून परत पाठवणारा जॉबरही हेच म्हणाला असेल. कोर्टाने नुकतंच सांगितलं होतं की आमच्यासारखी माणसं गुन्हेगार नाहीत. आम्ही जेवणात सुरमई केली होती त्या दिवशी. गुन्हेगार नाही, पण बाटलेले आहोतच. बाटण्याचं खातं कोर्टाच्या ताब्यात नसतं.

पण हा सगळा शहाणपणा करून मी बाहेर बाकावर येऊन बसलो. वर तो पांढरा पडत चालला होता आणि मी खाली बाणेदारपणा करून आलो होतो. त्याला लागणारं रक्त माझ्या दंडात जागच्या जागी फिरत होतं. माझ्या माहितीत आता दुसरा माणूस एकच उरला होता. मी अध्यक्षाला फोन केला.

तो पांढऱ्या कडक कपड्यांत आला. आधी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तू हो बोललास? अक्कल गहाण टाकलीस काय रे? आणि माझ्याबद्दल तर नाही ना काय बोललास?"

"तुझ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. "मी विचारतोय. खरं सांग. चौपाटीवर शेवटचा कधी गेला होतास?"

तो गोरामोरा झाला. मग म्हणाला, "गुडघे गेलेत रे माझे. दोन वर्षं झाली, मंडपाची पायरी चढताना आई आठवते. कुठे जातोय आता?"

"त्याआधी तपासणी?"

"दरवर्षी. गुपचूप. ठाण्याला जाऊन."

जो प्रश्न विचारायला हवा होता तो असा एका बाकाशेजारी, डॉक्टरकीचा गंध नसलेल्या माणसाने विचारला. माझं समाधान झालं. तो आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरिणीने आवाज खाली आणून तोच प्रश्न विचारला, आणि अध्यक्षाने भाषणाला उभा राहिल्यासारखा आवाज लावला, "नाही! नाही म्हणजे काय! घरंदाज माणूस आहे मी." ती त्याला सॉरी म्हणाली. त्याला लगेच आडवा केला. पिशवी भरताना त्याने एका कार्यकर्त्याकडून फोटो काढून घेतला, आणि ती पिशवी वर पोचायच्या आत तो फोटो लालबागच्या सगळ्या फोनांवर पोचला. खाली लिहिलं होतं, रुग्णासाठी धावून गेलेले आपले लाडके अध्यक्ष.

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या माणसाची मला शिसारी येते. दोन्ही खरं आहे. रक्त जसं माझं तसं त्याचं. फरक एवढाच की मी खरं बोललो होतो, आणि खरं बोललेलं रक्त त्यांच्या फ्रीजमध्ये राहत नाही. ऑपरेशन नीट झालं.

दुसऱ्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं. पुतण्या स्टूलवर, मी भिंतीला. त्याने डोळे उघडले, वर टांगलेल्या पिशवीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुझी काय?"

"नाही. अध्यक्षाची."

"का? तुला काय धाड भरली?"

"मला परमनंट केलं," म्हटलं, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याला हसू आलं, टाके ओढले, आणि तो कळवळला. "च्यायला," तो म्हणाला, "तुझा बाप असायला पाहिजे होता." मग चेहरा उतरला. "नाय बोलायला काय झालं होतं तुला? तो आला नसता म्हणजे? मेलो असतो ना मी."

  मी त्याच्या पायावरची चादर सरळ केली. मग छताकडे बघत त्याने विचारलं,

"काय बोललास तिला नक्की?"

"बोललो काहीतरी."

"नीट सांग."

"पुरुषांशी नाही म्हटलं. एकाशी."

"पुढे?"

"तो वर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्यासाठी आलोय."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "परत बोल. मोठ्यानं. ह्या पोराला ऐकू जाऊ दे."

पुतण्याने फोनमधून मान वर काढली. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही बघायला लागला. मी मोठ्याने सांगितलं. एकाशी. तो हा. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

 पुतण्या उठला आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. दोन दिवस उभा होतो, पाय भरून आले होते.